ओढा भरला म्हणून गळ काढू नका

सप्टेंबर लागला की सिॲटलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत, म्हणजे बेलव्ह्यू, रेडमंड, समॅमिश या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींची एक फेरी ठरलेली असते: इसाक्वाच्या हॅचरीवर जाऊन सॅमन बघायचे. भारतातून आईवडील आलेले असतील तर हमखास. हॅचरीच्या पुलावर उभं राहिलं की खाली ओढ्यात हातभर लांबीचे मासे एकमेकांना खेटून, प्रवाहाकडे तोंड करून थांबलेले दिसतात. आणि मग प्रश्न येतोच. एवढे मासे आहेत, तर कोणी पकडत का नाही? यंदा मासेमारीचा हंगाम जोरात म्हणायचा का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तिथे पकडायला बंदी आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र भलेभले चुकवतात, वर्षानुवर्षं गळ टाकणारेसुद्धा. हॅचरीपर्यंत पोचलेले मासे म्हणजे सगळ्या जाळ्यांतून आणि गळांतून सुटून आलेले मासे. तो आकडा होऊन गेलेल्या हंगामाचा हिशेब आहे. पुढच्या हंगामाबद्दलही त्यातून थोडं कळतं, पण ते पुलावरून दिसणाऱ्या गर्दीतून नव्हे. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात एक छोटा आकडा असतो, त्यातून. ज्यांना इथे नव्यानं मासेमारी सुरू करायची आहे, किंवा परवाना काढूनही दर वर्षी नेमके बंद पाण्यावर जाऊन ज्यांना परतावं लागतं, त्यांनी तो आकडा बघायची सवय लावून घ्यावी.

कोकणकिनाऱ्याची सवय असलेल्या माणसाला इथला कारभार सुरुवातीला विचित्र वाटतो. आपली बंदी कॅलेंडरवर ठरलेली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला, मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र मोकळा. वॉशिंग्टन राज्यातही नियमांच्या पुस्तिकेत तारखा छापलेल्या असतात, पण त्या माशांच्या मोजणीवर टांगलेल्या असतात. मंगळवारी उघडा असलेला नदीचा पट्टा शुक्रवारी बंद झालेला असू शकतो. उलटही होतं, म्हणजे बंद पट्टा अचानक उघडतो आणि ज्यांनी सूचना वाचलेली असते तेवढेच तिथे पोचतात.

मासा येतो कुठून आणि कधी

इसाक्वाची हॅचरी १९३६ सालची. महामंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेल्या सरकारी योजनेतून ती बांधली गेली. राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं ती चालवतं, आणि तिथे मुख्यतः शिनूक आणि कोहो या दोन जाती वाढवल्या जातात. इथे जन्मलेलं पिल्लू ओढ्यातून समॅमिश तळ्यात, तिथून समॅमिश नदीनं वॉशिंग्टन तळ्यात, मग कालव्यातून बॅलार्डला आणि तिथून प्युजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात जातं. परत येताना हीच वाट उलटी.

या वाटेवरचं नाकं म्हणजे बॅलार्डचे लॉक्स. १९१७ साली सुरू झालेले हे लॉक्स बोटींसाठी आहेत. माशांसाठी शेजारी पायऱ्यांचा जिना आहे. आजचा २१ पायऱ्यांचा जिना १९७६ सालचा. त्याच्या तळघरात काचेच्या खिडक्या आहेत, तिथून मासा डोळ्यासमोरून जाताना दिसतो. आणि इथेच त्यांची मोजणी होते. म्हणून इसाक्वाला काय येणार आहे याचा अंदाज हवा असेल तर इसाक्वाकडे नव्हे, आधी बॅलार्डकडे बघायचं. तिथे सॉकाय या जातीची गर्दी जुलैत, शिनूकची ऑगस्टच्या उत्तरार्धात, कोहोची सप्टेंबरच्या अखेरीस. इसाक्वाच्या पुलावरून शिनूक बघायचे तर सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, कोहो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी गावात सॅमन डेजची जत्रा भरते. जत्रेची हौस असेल तर जरूर जा. मासेच बघायचे असतील तर मधल्या वारी सकाळी जा, गाडी लावायला जागा तरी मिळेल.

उशीर म्हणजे तुटवडा नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. उन्हाळा लांबला, पाऊस आला नाही, तर कालव्याचं आणि तळ्याच्या वरच्या थराचं पाणी इतकं तापतं की मासे खोल, थंड पाण्यात थांबून राहतात. ओढ्याला पाणीच नसेल तर चढणार कसे? मग पहिला मोठा पाऊस पडतो आणि दोन-चार दिवसांत झुंडीच्या झुंडी येतात. सप्टेंबरच्या मध्यात ओढा रिकामा बघून "यंदा काही खरं नाही" असं म्हणणारे दर कोरड्या वर्षी भेटतात. मात्र ताप फार काळ राहिला तर थांबलेले मासे वाटेतच मरतात, हेही खरं. बॅलार्डला मोजलेला प्रत्येक मासा वर पोचतोच असं नाही.

अंडी काढण्याचं काम चालू असेल त्या दिवशी गेलात तर हॅचरी म्हणजे काय ते खरं कळतं. मादीला डोक्यात टोला घालून मारतात, पोट चिरतात आणि गाभोळी बादलीत मोकळी करतात. मटारच्या दाण्याएवढी, केशरी, चमकदार अंडी. शिनूकच्या एका मादीत साधारण चार-पाच हजार. मग नराचं पोट दाबून त्यावर वीर्याची पांढरी धार सोडतात, ढवळतात, पाणी घालतात. काही वेळात अंडी पाणी शोषून टणक होतात आणि थंड वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये जातात. महिनाभरात प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. लहान मुलांना नेणार असाल तर काय दिसणार आहे ते गाडीतच सांगून ठेवा. आणि "मारतात कशाला?" याला उत्तर असं की प्रशांत महासागरातले हे सॅमन ओढ्यात मोकळे सोडले तरी अंडी घातल्यावर मरतातच. त्यांच्यासाठी ही वाट एकेरी आहे.

तक्त्यात कुठला रकाना बघायचा

राज्याचं खातं हंगामात दर आठवड्याला सगळ्या हॅचऱ्यांचा तक्ता प्रसिद्ध करतं. प्रौढ मासे किती आले, जॅक किती आले, अंडी किती काढली, किती मासे पुढे सोडले, किती जादा ठरले, असे त्यात रकाने असतात. बहुतेक लोक पहिला रकाना वाचून तक्ता बंद करतात. मी म्हणेन, तो सगळ्यात शेवटी वाचा.

आधी अंडी. कुठल्याही हॅचरीचं पहिलं काम आपलं अंड्यांचं उद्दिष्ट पुरं करणं हे असतं. शेतकरी विकायच्या आधी बियाणं बाजूला काढतो, तसंच. ते पुरं होणार नाही अशी शंका आली की खालच्या नदीतली मासेमारी तातडीच्या सूचनेनं थांबवतात. उलट उद्दिष्ट लवकर गाठलं गेलं आणि जादाचा रकाना फुगायला लागला, तर मासेमारी वाढवून मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. म्हणजे चालू हंगामात, पुढच्या एक-दोन आठवड्यांत काय होईल, याचा सुगावा या दोन रकान्यांत असतो.

मग जॅक. जॅक म्हणजे आपल्या बरोबरीच्या माशांपेक्षा एक वर्ष आधी परतलेला लहान नर. कोहोचं चक्र बहुधा तीन वर्षांचं: सुमारे दीड वर्ष गोड्या पाण्यात, दीड वर्ष समुद्रात. त्यातले काही नर समुद्रात काही महिनेच काढून दुसऱ्याच वर्षी परततात. पुलावरून ते डोळ्यांत भरत नाहीत. मोठ्या माशांच्या मध्ये वीतभर-हातभर लांबीचे सडपातळ मासे घुसताना दिसतात, ते हे. पण त्यांची संख्या महत्त्वाची आहे, कारण ते ज्या तुकडीबरोबर समुद्रात गेले ती तुकडी पुढच्या वर्षी यायची आहे. जॅक भरपूर आले, म्हणजे त्या वर्षी समुद्रात उतरलेली पिल्लं पहिल्या उन्हाळ्यात तगली. वेस्ट कोस्टवरचे मत्स्यशास्त्रज्ञ कोहोचे आणि कोलंबिया नदीतल्या वसंतातल्या शिनूकचे अंदाज बांधताना याच हिशेबाचा आधार घेतात. शिनूकमध्ये तीन, चार, पाच अशा वेगवेगळ्या वयांचे मासे परततात, म्हणून तिथे यंदाच्या तीन वर्षांच्या माशांवरून पुढच्या वर्षीच्या चार वर्षांच्यांचा अंदाज काढतात. पिंक सॅमन मात्र सगळेच्या सगळे दोन वर्षांनी परततात, त्यात जॅक नाहीत, म्हणून त्यांचे अंदाज जोरात चुकतात. कधी आपल्या बाजूनं, कधी उलट.

आता पहिला रकाना, प्रौढ माशांचा. यंदा दुप्पट मासे आले, म्हणजे तीन वर्षांनी दुप्पट येतील? नाही. हॅचरीचे ट्रे ठरलेले, टाक्या ठरलेल्या, पाण्याचा हक्क ठरलेला. लागतील तेवढी अंडी घेतली की बाकीचे मासे जादा. त्यापुढे पुलाखाली कितीही मासे असोत, वसंतात सोडायच्या पिल्लांची संख्या जवळपास तीच राहते. रानातल्या नदीत जास्त आईबाप म्हणजे निदान काही मर्यादेपर्यंत जास्त पिल्लं. हॅचरीत तसं नसतं. म्हणून हॅचरीतल्या गर्दीवरून पुढचा हंगाम सांगणाऱ्याचं म्हणणं मी मनावर घेत नाही.

खरा फरक पडतो तो समुद्रात. सोडलेल्या शिनूकच्या हजार पिल्लांमागे दहासुद्धा परत येत नाहीत, असं प्युजेट साउंडमध्ये नेहमीच घडतं. या टक्क्याच्या अपूर्णांकात इकडचं तिकडे झालं की हंगाम फिरतो. अमेरिकेच्या सागरी संस्थेचं, नोआचं, सिॲटलमधलं केंद्र दर वर्षी एक तक्ता काढतं. त्यात १९९८ पासूनच्या प्रत्येक वर्षासाठी समुद्राचं तापमान, पिल्लांना खायला मिळणारे सूक्ष्म जीव वगैरे गोष्टी हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत दाखवलेल्या असतात. विज्ञानाची पार्श्वभूमी नसली तरी कळतं: उभा रकाना हिरवा असेल तर त्या वर्षी समुद्रात उतरलेल्या पिल्लांचे दिवस बरे होते. कोहोसाठी त्यात एक वर्ष मिळवा, शिनूकसाठी दोन-तीन, की ते मासे गळाजवळ येण्याचं वर्ष मिळतं.

मासे आहेत, तरी बंद का

इथे नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वैताग होतो. कारण हंगाम ठरतो तो सगळ्यात भरभराटीच्या माशांवरून नव्हे, सगळ्यात दुबळ्या माशांवरून. प्युजेट साउंडच्या पाण्यात हॅचरीचे धष्टपुष्ट शिनूक आणि एखाद्या मोडकळीला आलेल्या नदीचे मोजके रानटी शिनूक एकत्र पोहतात. गळाला कोणता लागेल हे सांगता येत नाही. प्युजेट साउंडचे शिनूक १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून केंद्रीय कायद्याच्या संरक्षणात आहेत, आणि त्यांच्यावर जगणारे इथले ओर्का देवमासेही २००५ पासून त्याच कायद्याखाली आहेत. मग दुबळ्या नदीच्या माशांपैकी किती दगावलेले चालतील हे आधी ठरतं, आणि तो कोटा संपला की बाकी कितीही मासे असले तरी काम थांबतं.

वाटपाचा दुसरा पदर इतिहासातला आहे. १८५४-५५ मध्ये इथल्या आदिवासी राष्ट्रांनी करारांनी जमिनी सोडल्या, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे शतकभर तो हक्क पायदळी तुडवला गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर करारातल्या राष्ट्रांचा हक्क आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मूलतः उचलून धरला. तेव्हापासून राज्य आणि ही राष्ट्रं मिळून कारभार बघतात. वॉशिंग्टन तळ्याच्या खोऱ्यात ते काम मकलशूट लोकांकडे आहे. नदीत त्यांची जाळी दिसली की "आम्हाला बंद आणि त्यांना चालतं" अशी कुजबुज आपल्याही लोकांत ऐकू येते. ती करण्याआधी एवढा इतिहास ठाऊक असावा.

दर वर्षी फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला अंदाज जाहीर होतात, मग बैठका चालतात आणि एप्रिलमध्ये हंगाम ठरतो. ओरेगॉनच्या केप फाल्कनच्या उत्तरेकडचं पाणी, म्हणून या बैठकांना नॉर्थ ऑफ फाल्कन म्हणतात. त्या लोकांसाठी खुल्या असतात, घरी बसून ऐकताही येतात. एकदा तरी ऐकाव्यात. कुठल्या नदीच्या माशामुळे आपला पट्टा बंद पडतो ते एका तासात समजतं. २०१६ मध्ये कोहोचे अंदाज इतके वाईट आले की राज्य आणि आदिवासी राष्ट्रांचं वेळेत एकमत होईना, आणि मे महिन्यात प्युजेट साउंडमधली सॅमनची मासेमारी काही आठवडे चक्क थांबली. गंमत अशी की शरद ऋतूत कोहो अंदाजापेक्षा बरे आले आणि काही ठिकाणी मग मासेमारी उघडावी लागली.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण वॉशिंग्टन तळ्यातल्या सॉकायचं. शहराच्या मधोमध होड्यांची गर्दी व्हायची अशी ही मासेमारी शेवटची उघडली २००६ मध्ये. त्यासाठी दीर्घकाळ साडेतीन लाख माशांचं लक्ष्य होतं. सीडर नदीवर २०११ मध्ये कायमची हॅचरी उभी राहिली, तरी तो आकडा परत आला नाही. तापलेलं पाणी, तळ्यातले पिल्लं खाणारे मासे, रोग, अशी कारणांची साखळी आहे. हॅचरी त्यातली एकच कडी सांधते. सॉकायच हवे असतील तर जुलैत उत्तरेला बेकर तळ्याच्या सूचना बघा. तिथे धरणाखाली मासे पकडून, मोजून ट्रकनं वर तळ्यात सोडतात, त्यामुळे तळ्यात किती आहेत हे रोजच्या रोज कळतं. अंदाजापेक्षा मोजणीवर चालणारी मासेमारी बघायची तर ही.

कोहोच्या बाबतीत आणखी एक धोका शहराचाच आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर शहरी ओढ्यांत कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून मरताना अनेक वर्षं दिसत होते. २०२० च्या अखेरीस इथल्या संशोधकांनी कारण शोधलं: गाड्यांच्या टायरमध्ये घातलेल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ, जो रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतो. चम सॅमनला त्याचं फारसं काही होत नाही, कोहो काही तासांत मरतात.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी दोन ओळी. तिथे २००८ आणि २००९ नंतर २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं समुद्रातली सॅमनची मासेमारी पूर्ण बंद होती. २०२५ मध्ये हौशी लोकांसाठी अगदी मोजके दिवस उघडली. सॅक्रामेंटोजवळच्या निंबस हॅचरीचा माशांचा जिना साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो, तो बघायला जरूर जा. पण तिथेही जिन्यावरची गर्दी बघून परवाना काढायला धावू नका.

परवाना, कार्ड आणि पाठीवरचा पर

वॉशिंग्टनचं परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मार्चमध्ये वार्षिक परवाना घेतलात तर पैसे पाण्यात. राज्यात स्थायिक होऊन ९० दिवस झाले असतील तर रहिवाशाचा दर लागतो. पाहुणे आले असतील तर एक, दोन किंवा तीन दिवसांचे तात्पुरते परवाने मिळतात. १५ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण सॅमनसाठी नोंदीचं कार्ड त्यांच्याकडेही हवं. मासा ठेवायचा ठरला की त्याच क्षणी कार्डावर नोंद करायची. आधी फोटो, मग घरी जाऊन कार्ड, असं चालत नाही. आणि कुठल्याही पाण्यावर जाण्याआधी, त्याच सकाळी, खात्याचं फिश वॉशिंग्टन ॲप उघडून बघायचं. छापील पुस्तिका आणि तातडीची सूचना यांत फरक असेल तर सूचना खरी.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळख. हॅचरीच्या बहुतेक शिनूक आणि कोहो पिल्लांचा पाठीवरचा छोटा पर सोडण्याआधीच कापलेला असतो. पाठीच्या मधोमध असलेला मोठा पर नव्हे. त्याच्या मागे, शेपटीच्या जरा अलीकडे, बोटाच्या पेराएवढा मऊ, मांसल पर असतो, तो. तो जागेवर असेल तर मासा रानटी समजायचा, आणि बहुतेक ठिकाणी सोडून द्यायचा. तो नसेल तर तिथे बरी झालेली गुळगुळीत खूण दिसते. ताजी जखम दिसली तर तो हॅचरीचा मासा नव्हे, कोणीतरी केलेला गुन्हा आहे. प्युजेट साउंडमध्ये होडीतून मासे धरत असाल तर ठेवता न येणारा सॅमन होडीत घेणं हाच नियमभंग. पाण्यातच बघायचा आणि पाण्यातच सोडायचा. तिथे सॅमनसाठी काट्याविना गळ वापरावा लागतो, तो यासाठीच: सुटका चटकन होते. नदीत गळ तोंडात न लागता पोटात किंवा शेपटीत अडकला तरी मासा सोडावा लागतो. इसाक्वाच्या ओढ्याच्या मुखाशी शरदात बंद पट्टा असतो, आणि समॅमिश तळ्यातले कोकनी, म्हणजे समुद्रात न जाणारे सॉकाय, सोडूनच द्यायचे असतात. तिथे होडी नेणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं.

जात ओळखायला हिरड्या आणि शेपटी बघा. हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके, तर शिनूक. हिरड्या पांढरट आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर, तर कोहो. शेपटीवर मोठे लंबगोल डाग आणि खवले बारीक, तर पिंक. ठिपकेच नसतील तर चम किंवा सॉकाय, आणि त्या दोघांत घोळ होत असेल तर सोडून द्या.

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझं स्पष्ट मत: विषम वर्षाचा ऑगस्ट धरा आणि पिंक सॅमनपासून सुरुवात करा. प्युजेट साउंडमध्ये पिंक विषम वर्षांत येतात, लाखांनी येतात, किनाऱ्याजवळून जातात. होडी लागत नाही. एडमंड्सचा धक्का किंवा व्हिडबी बेटाचे किनारे पुरतात. गुलाबी रंगाचं धातूचं आमिष, मध्यम लांबीची काठी, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि शेजारी उभ्या माणसाच्या दोरीवर आपली दोरी न टाकण्याचं भान, एवढ्यावर काम होतं. शिनूकच्या मागे लागण्यात खर्च, होडी आणि निराशा तिन्ही जास्त. सम वर्षात सप्टेंबरच्या कोहोंवर भर द्या. हूड कॅनालवर हूड्सपोर्टच्या हॅचरीसमोरही काठावरून चम मिळतात, पण हंगामात तिथे इतकी दाटी होते की शांतपणे मासे धरायची कल्पना सोडूनच जावं.

खाण्याचं. मासा चंदेरी असतानाच चांगला. ओढ्याकडे वळला की चरबी संपत जाते, मांस फिकं पडतं, वास येतो. काळपट लाल झालेल्या माशाला कितीही मसाला लावा, तुकडी भुसभुशीतच लागते. पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि लगेच बर्फात ठेवा. पिंकचं मांस नाजूक, ते त्याच दिवशी तळा. आपल्या हळद-मिरची-आगळात तो छान मुरतो, पण थोडा वेळच. रात्रभर ठेवलात तर मांस सुटतं. प्युजेट साउंडच्या शिनूकमध्ये जुन्या प्रदूषणाचे अंश असतात, म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्यातून एकदाच असा आहे, आणि हिवाळ्यात तिथेच राहणाऱ्या शिनूकसाठी महिन्यातून दोनदा. घरात कुत्रा असेल तर कच्चा सॅमन त्याच्या तोंडी लागू देऊ नका, ओढ्याकाठी मेलेला तर नाहीच. त्यातल्या परजीवीबरोबर येणाऱ्या जिवाणूनं कुत्रे दगावतात. मांजराचं किंवा माणसाचं तसं होत नाही.

माशाच्या नाकाडात कधीकधी मिलिमीटरभर लांबीची तार असते, कोणत्या हॅचरीची कोणती तुकडी ते सांगणारी. धक्क्यावर खात्याची माणसं यंत्र फिरवून ती तपासतात आणि डोकं मागतात. डोक्याची आमटी करायची असेल तर जिवावर येतं, पण द्या. पुढच्या मार्चचा अंदाज याच तारांवर उभा राहतो.

आणि कार्ड ३० एप्रिलपर्यंत परत पाठवायचं असतं. एकही मासा मिळाला नसला, नव्हे, वर्षभर पाण्यावर गेलाच नसलात, तरी.